नर्मदेच्या अलीकडचे वाचक

अमीश त्रिपाठींच्या 'मेलुहाचे मृत्युंजय'बद्दल पुण्या-मुंबईकडच्या वाचकांचं एक ठरलेलं मत असतं: गोष्ट पकडून ठेवते, भाषा मात्र खटकते. शिव चिलीम ओढतो, शिव्या हासडतो, आजकालच्या पोरासारखा बोलतो. 'ययाति' आणि 'मृत्युंजय' वाचून ज्यांचे कान तयार झाले, त्यांना हे पचणं कठीणच. खांडेकर आणि शिवाजी सावंत यांनी मराठी वाचकाला सवयच अशी लावून ठेवली आहे, की पुराणातल्या पात्रानं पाणी मागितलं तरी ते अलंकार घालून मागावं.

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात ही तक्रार माझ्या कानावर आली नाही. इथल्या वाचकांनी त्या पुस्तकावर बरंच तोंडसुख घेतलं, पण भाषेला कुणी हात लावला नाही. त्याचं कारण गावातल्या पाट्यांवरच लिहिलेलं आहे. झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटक मंडळ्यांची कार्यालयं वडशात आहेत. भाऊबीज झाली, गावोगावच्या मंडया म्हणजे जत्रा सुरू झाल्या, की होळीपर्यंत इथून ट्रक भरभरून नाटकं निघतात आणि रात्रभर खेळ होतात. त्याच्याही आधीपासून दंडार हे लोकनाट्य आहे. दंडारीतला देव इथल्या माणसासारखाच बोलतो आणि कुणाच्या भक्तीत त्यानं काडीचा फरक पडत नाही. इतक्या पिढ्या हे ऐकलेल्या माणसाला शिवाची चिलीम काय खटकणार! महाशिवरात्रीला वैनगंगेकाठी मार्कंड्याच्या जत्रेत जाऊन आलेला माणूसही ते पान शांतपणे उलटतो.

त्यांची मोजपट्टी वेगळी होती. नाटकात उभं आयुष्य गेलेल्या एका काकांनी पुस्तक वाचून परत करताना म्हटलं, "सुरुवात जोरदार केली बापा, पण मंग लय समजावते." याहून नेमकं परीक्षण मी वाचलेलं नाही. मानसरोवराकाठची शिवाची टोळी, शेजारच्या टोळीचा हल्ला, नंदीबरोबर काश्मीरला स्थलांतर, तिथल्या छावणीतला ताप, सोमरस, निळा पडलेला गळा, हे सगळं धाडधाड घडतं. मग शिव मेलुहाच्या राजधानीत, देवगिरीला पोचतो आणि कादंबरी खाली बसते. तो प्रश्न विचारतो, समोरचा दोन पानं उत्तर देतो. रस्ते, गटारं, चबुतऱ्यांवरची शहरं, कायदे, जाती, सोमरस कसा बनतो. नंदी सांगतो, राजा दक्ष सांगतो, बृहस्पती सांगतो, आणि ते थकले की देवळातला एखादा वासुदेव पंडित सांगतो. झाडीपट्टीत असा प्रवेश उभा राहिला तर मंडपातली माणसं चहा प्यायला उठतील. इथे रात्री दहाला बसलेला प्रेक्षक उजाडेपर्यंत धरून ठेवायचा असतो. पहिल्या अंकात त्याला उठू दिलं, तर तो परत त्याच जागेवर येईल याची खात्री कुणी देत नाही.

मालिकेच्या पहिल्या कादंबरीचं खरं दुखणं हेच असतं. तिला गोष्ट सांगायची असते आणि पुढच्या भागांसाठी अख्खं जग बांधूनही ठेवायचं असतं. पुढचे भाग येईपर्यंत वाचकानं थांबायचं. टॉल्किनच्या पहिल्या वाचकांनी 1954च्या जुलैत पहिला खंड हातात घेतला आणि शेवट कळायला 1955चा ऑक्टोबर उजाडला. अमीश यांचं पहिलं पुस्तक 2010चं, दुसरं 2011चं, तिसरं 2013चं. तेव्हा बँकिंग-विम्याच्या क्षेत्रात असलेला हा माणूस. प्रकाशकांचे नकार पचवून त्यानं पहिलं प्रकरण छापून पुस्तकांच्या दुकानांत फुकट वाटलं. नाटकाच्या गावाला यातली हुशारी लगेच कळते. गावात लाऊडस्पीकर फिरवून गाण्याचा एक तुकडा ऐकवायचा, बाकीचं तिकीट काढून बघा म्हणायचं, हा इथला जुनाच धंदा.

माझ्यापुरतं सांगायचं तर पुस्तकातली गटारं मला आवडली. सिंधुसंस्कृतीची आखीव शहरं आणि शिव यांची मोट बांधावी हे सुचायला धाडस लागतं. इतिहास म्हणून ते तपासत बसणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. कादंबरीच्या काळाचा इसवीसनपूर्व 1900 हा आकडा दिसला की काही जणांचा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. पण ज्या मताने मला पुस्तक पुन्हा उघडायला लावलं, ते अभ्यासिकेतल्या एका पोराचं होतं. पोलीस भरतीची तयारी करणारा, एटापल्लीकडचा, शिक्षण सगळं आश्रमशाळेत.

मेलुहात 'मैका' नावाची व्यवस्था आहे. रामानं घालून दिलेली, म्हणून प्रश्न विचारायची सोय कमी. गरोदर बाया नर्मदेवरच्या मैका याच नावाच्या शहरात जाऊन बाळंत होतात, मूल राज्याच्या हवाली करतात आणि रिकाम्या हातांनी परततात. सगळी मुलं एकत्र वाढतात, पंधराव्या वर्षी परीक्षा देतात, गुणांप्रमाणे त्यांना जात मिळते आणि त्या जातीचे दत्तक आईबाप मिळतात. जन्माचा शिक्का पुसला गेला, सर्वांना समान संधी! अनेक वाचकांना, विशेषतः स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना, पुस्तकातला हा भाग फार भावतो. मीही वर्गात एकदा त्याचं कौतुक केलं होतं.

या पोरानं विचारलं, "सर, त्या मैक्यात रात्री कोनी रडत नाई का?"

तो सहा वर्षांचा असताना आश्रमशाळेत आला. शाळेबद्दल त्याला राग नाही; तिथे शिकलो म्हणून इथवर पोचलो, असं तो म्हणतो. पण पहिल्या पावसाळ्यात नाल्याला पूर आला की घरी जायची वाट बंद, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. माडिया बोलणारं पोर मराठी बोलणाऱ्या वर्गात बसलं की काय होतं, तेही. मग मी ती पानं पुन्हा वाचली. शिवाला आश्चर्य वाटतं, तो विचारतो, त्याला व्यवस्थित उत्तर मिळतं आणि घोडे पुढे निघतात. आईची आठवण काढणारं एकही पोर त्या पानांत मला सापडलं नाही. लेखकानं व्यवस्थेचा नकाशा सुरेख काढलाय, पण आत वस्ती केलेली नाही.

'विकर्म'बद्दल असंच. गेल्या जन्मीच्या पापाचं फळ म्हणून काही माणसं विटाळाची ठरवायची, त्यांना शिवायचं नाही, असा मेलुहाचा कायदा. राजाची मुलगी सतीही विकर्मच. शिव तिच्यावर प्रेम करतो, कायदा मोडीत निघतो, लग्न लागतं. माझे एक सहकारी, ज्यांच्या घरात 16 ऑक्टोबर 1956ची चंद्रपूरची धम्मदीक्षा आजही सणासारखी सांगितली जाते, ते एवढंच म्हणाले, की बाहेरून एक महादेव आला आणि राजानं सही केली, इतकं सोपं असतं तर बाबासाहेबांना महाडला कशाला जावं लागलं असतं? विकर्मांनी स्वतः काय केलं, हे त्यांना वाचायचं होतं. त्यांचं बरोबर आहे. द्रपकू नावाचा विकर्म त्या पुस्तकात आहे, लढतोही, पण त्याच्या वाट्याला फार थोडी पानं आलीत.

स्थलांतराची पानं मात्र इथे कुणालाच परकी वाटली नाहीत. वडशाहून गोंदियाच्या गाडीनं निघालं की अर्जुनी लागतं; त्या तालुक्यात गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला 1972पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे आणि त्याच तालुक्यात पूर्व बंगालमधून आलेल्यांचीही गावं आहेत. हिवाळ्यात त्या तिबेट्यांकडून स्वेटर घेणाऱ्या माणसाला, तिबेटातून आलेल्या टोळीला आधी आंघोळ घालायला लावणारे मेलुहाचे अधिकारी वाचताना हसू येतं. आलेल्या माणसाला स्वच्छ करून घ्यायची हौस यजमानाला असतेच.

आता नकाशा. कादंबरीत नर्मदा ही मनूनं आखलेली सीमा. तिच्या दक्षिणेला जायचं नाही. चेहरा झाकलेले, सर्वांनी घाबरावं असे नागा त्या पलीकडचे. शेवटच्या पानावर असाच एक नागा अयोध्येत सतीच्या दिशेनं झेपावतो आणि पुस्तक संपतं. यावर वाचकांचे दोन तट कायमचे आहेत: कुणाला ही फसवणूक वाटते, कुणी त्याच रात्री दुसरा भाग शोधायला लागतं. मी पहिल्या तटातला. पाचशेच्या घरातली पानं वाचणाऱ्या माणसाला उंबरठ्यावर उभं करून दार लावून घ्यायचं, हे मला रुचत नाही. नाटकवाले काका दुसऱ्या तटातले. पडदा कुठे टाकायचा हे त्याला कळते, म्हणाले.

गावातल्या वाचनालयात पहिला भाग पानं सुटेपर्यंत वाचला गेला होता आणि दुसरा कपाटात नव्हताच. भरतीवाल्या पोरानं शेवटी तो नागपूरहून येणाऱ्या मित्राकडून मागवला. वाचता वाचता त्याच्या लक्षात आलं, की नागांची पंचवटी दंडकारण्यात आहे, गोदावरीच्या अंगाला. वडशाखालून वाहणारी वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्याला गोदावरीत जाते. म्हणजे मेलुहाचे लोक ज्यांच्या नावानं पोरांना भीती घालतात, ते आपल्याच रानातले. शिवाय ते राक्षस नाहीत. अंगात जन्मजात व्यंग आहे म्हणून टाकून दिलेली, मेलुहातल्याच घराघरांतली पोरं. गडचिरोलीचा म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे बाहेर परीक्षा द्यायला गेलेल्या पोराला वेगळं सांगावं लागत नाही.

पहिल्या भागाबद्दलचं त्याचं मत यामुळे सुधारेल असं मला वाटलं होतं. तो उलट चिडला. "पयल्याच भागात सांगाचा होता नं सर, का ते आपल्याकडचेच होत म्हणून. मी पाचशे पानं त्याईलेच भेत होतो." आणि मग, सायकल स्टँडवरून काढता काढता, "तिसरा भाग कोनाकडं भेटन?"