सतरा सप्टेंबरचं आणखी एक नाव

सप्टेंबरच्या मध्यावर कनेरगाव नाक्याच्या शिवारात सोयाबीनच्या शेंगा भरत आलेल्या असतात, हळदीची पानं रुंद होतात आणि पैनगंगेचं पाणी अजून गढूळच असतं. हिंगोलीहून वाशीमला जाताना लागणारं हे गाव मराठवाड्याच्या उंबऱ्यावर आहे. पलीकडे वऱ्हाड, अलीकडे एके काळचं निजामाचं राज्य. वऱ्हाडच्या सरहद्दीवर स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प होते आणि रझाकारांच्या भीतीनं माणसं रातोरात सरहद्द ओलांडत होती. म्हणून 17 सप्टेंबरचं झेंडावंदन या भागात मनापासून होतं. 1948 साली त्या दिवशी निजाम शरण आला. पाच दिवसांच्या त्या पोलीस अ‍ॅक्शनमध्ये जमिनीवर फौज होती आणि वर भारतीय हवाई दलाची टेम्पेस्ट विमानं होती. मराठवाड्याच्या स्वातंत्र्यात आभाळाचाही वाटा आहे.

याच तारखेला मला आणखी एक नाव आठवतं: फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ. 17 सप्टेंबर 2001 रोजी राजस्थानातल्या सुरतगडला त्याचं मिग-21 कोसळलं. वय अवघं सत्तावीस. युद्ध नव्हतं, समोर शत्रू नव्हता. रोजच्या सरावासाठी वर गेलेला मुलगा परत आला नाही.

कनेरगावला विमानतळ नाही. वरून जाणारं विमान दिसलं की निंदणाऱ्या बायांचं खुरपं थांबतं आणि पोरं ठिपका दिसेनासा होईपर्यंत माना वर करून उभी राहतात. तरी लढाऊ विमानांचं जग आपल्यापासून वाटतं तेवढं लांब नाही. निजामाच्या राज्यात हिंगोलीच्या जोडीला असलेल्या बिदरला आज हवाई दलाचा मोठा तळ आहे, तिथं लढाऊ वैमानिक तयार होतात. आणि मिग-21 तर नाशिकजवळच्या ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात, शेकड्यांनी बांधली गेली. महाराष्ट्राच्या कामगारांचे हात त्या पत्र्याला लागलेले आहेत. महाराष्ट्राची मुलं त्यात बसली आहेत.

मिगबद्दल वाईट बोलताना जीभ अडखळते, कारण त्या विमानाचं देणं मोठं आहे. 1963 साली ते आपल्याकडे आलं. आवाजाच्या वेगाला मागे टाकणारं आपलं पहिलं लढाऊ विमान ते हेच. 14 डिसेंबर 1971 रोजी ढाक्यात गव्हर्नर हाऊसवर मिग-21 विमानांनी हल्ला केला आणि दोनच दिवसांत पूर्व पाकिस्तानातली फौज शरण आली. एकच इंजिन, त्रिकोणी पंख, अरुंद कॉकपिट. उतरतानाही त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. सरावलेल्या हाताला ते विजेसारखी साथ देई. नवख्या हाताला चूक सुधारायला क्षणाचीही सवड देत नसे.

आणि नवखे हात पुष्कळ होते. किरणसारख्या संथ विमानावर शिकलेली मुलं एकदम मिगवर जात. मधली पायरीच नव्हती. ती पायरी हवी, प्रगत प्रशिक्षण विमान घ्या, असं ला फाँतेन समितीनं 1982 साली सांगितलं होतं. हॉक या प्रशिक्षण विमानांचा करार झाला 2004 साली. ती हवाई दलात दाखल झाली 2008 साली, बिदरलाच. 1982 आणि 2004 यांच्या मध्ये बावीस वर्षं आहेत. त्या बावीस वर्षांत किती घरांच्या दारात हवाई दलाची गाडी येऊन उभी राहिली असेल, या विचारानं जीव कासावीस होतो.

बैल थकला की आपल्याकडे त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. पोळ्याला त्याचीही पूजा होते, पण नांगराला नवा बैल जुंपतात. विमानाच्या बाबतीत एवढी साधी रीत आपल्याला पाळता आली नाही. देशी तेजस तयार होईना, नवीन विमानांचे करार लांबत गेले, आणि मिगची निवृत्ती पुढं पुढं ढकलली गेली. 2012 मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत आकडे दिले. घेतलेल्या 872 मिग विमानांपैकी निम्म्याहून अधिक पडली होती. 1971-72 पासूनच्या 482 अपघातांत 171 वैमानिक गेले, आणि जमिनीवरची 39 साधी माणसं. हे सगळे अपघात एकट्या मिग-21 चे नव्हते, पण ताफ्यात मोठी संख्या त्याचीच होती.

अभिजितच्या अपघाताचं खापर अभिजितवरच फुटलं. गेलेला माणूस आपली बाजू मांडू शकत नाही, म्हणून हे खापर फोडायला सगळ्यात सोपं असतं. पण त्याचे आईवडील कविता गाडगीळ आणि अनिल गाडगीळ यांनी ते मान्य केलं नाही. वडील स्वतः वैमानिक. त्यांना यंत्र कळत होतं आणि आईला आपला मुलगा कळत होता. कविताताई प्रश्न विचारत राहिल्या: विमान कसं होतं, सराव किती दिला होता, एवढी मुलं एकाच जातीच्या विमानात का मरतात? गणवेशाला प्रश्न विचारणं आपल्याकडे अवघड आहे. शहिदाच्या आईनं डोळे पुसावेत, तिरंगा छातीशी धरावा आणि गप्प राहावं, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते. त्या गप्प राहिल्या नाहीत. 2006 मध्ये ‘रंग दे बसंती’ हा चित्रपट आला तेव्हा त्यातल्या मिगच्या अपघातात आणि त्या आईच्या लढ्यात अनेकांना गाडगीळ कुटुंबच दिसलं.

पुढं या आईवडिलांनी मुलाच्या नावानं हवाई सुरक्षेचं काम उभं केलं आणि पुण्यात वैमानिकांना सिम्युलेटरवर शिकवण्याची सोय केली. आपला मुलगा ज्या पायरीवरून पडला, ती पायरी दुसऱ्याच्या मुलांसाठी बांधून काढायची. याहून मोठं श्राद्ध मला माहीत नाही.

आमच्या जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं गाव. 1296 साली आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली तेव्हा त्यांचं वय एकवीस, आणि नामदेव तिथं हजर होते. त्यांच्या नावावरच्या समाधीच्या अभंगांत तो वियोग प्रसंगाप्रसंगानं येतो. कोण जवळ होतं, भावंडांचं काय झालं, संतांनी आकांत कसा केला, सगळं येतं. ते अभंग ऐकताना मला वाटतं, शोकाला साक्षीदार लागतो. जे घडलं ते घडलं तसं सांगणारं कुणीतरी लागतं, नाहीतर माणूस दुसऱ्यांदा जातो. कविताताईंनी आपल्या मुलासाठी हीच साक्ष दिली.

26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडला मिग-21 ला निरोप देण्यात आला. त्या दिवशी हवाई दल प्रमुख एअर चीफ मार्शल ए. पी. सिंग यांनी ते स्वतः उडवलं. बासष्ट वर्षांची सेवा, पाण्याची सलामी, भरलेले डोळे. त्या निरोपाचा मलाही अभिमान वाटला. पण त्या समारंभात मिगची आठवण जेवढ्या प्रेमानं निघाली, तेवढ्याच ठळकपणे त्यात गेलेल्या प्रत्येक मुलाचं नाव वाचलं जायला हवं होतं, असंही वाटलं.

मिग गेलं, तरी विषय संपलेला नाही. जग्वार आपल्याकडे 1979 पासून आहे, आणि 2025 या एकाच वर्षात तीन जग्वार कोसळली. हिंगोली, वाशीम, परभणीच्या शाळांतून आजही पोरं एनडीएची तयारी करतात, पहाटे रस्त्यावर धावतात. त्यांतलं कुणी उद्या आभाळात जाईल आणि गावोगावी बॅनर लागतील. बॅनर जरूर लावावेत. पण ज्या यंत्रात आपण आपली पोरं बसवतो ते किती जुनं झालंय, त्यावर पुरेसा सराव दिलाय का, हे विचारण्याची हिंमतही गावानं ठेवावी. अभिजित गाडगीळला श्रद्धांजली वाहायची असेल तर त्याच्या आईनं विचारलेले प्रश्न आपण आपले मानावेत, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावं.