तापलेला तवा

मी इयत्ता चौथीत शिकते. आमचे गाव पनवेल तालुक्यात, नवी मुंबईला लागून आहे. आमच्या गावात लहानथोर सगळ्यांना कबड्डीचे वेड आहे.

डिसेंबर महिन्यात आमच्या केंद्राच्या क्रीडास्पर्धा झाल्या. कबड्डीच्या संघात १२ जणी होत्या. ७ खेळणाऱ्या आणि ५ राखीव. मी राखीव होते, म्हणून मला राग आला होता. सामन्याआधी बाई म्हणाल्या, "मैदानाला ३ फेऱ्या मारा. मग मान, खांदे, कंबर, गुडघे, घोटे फिरवा. राखीव मुलींनीसुद्धा!" मी मनात म्हटले, मला कोण खेळवतंय? मी झाडाखाली बोरे खात बसले.

दुसऱ्या डावात आमची एक मुलगी पडली. तिचा गुडघा फुटला. बाईंनी मला हाक मारली. मी तशीच उठून चढाईला गेले. बोनससाठी पाय लांब टाकला, तर मांडीत अशी कळ आली की मी मटकन खाली बसले. मला लगेच पकडले. आम्ही २ गुणांनी हरलो. मैत्रिणी मला काहीच बोलल्या नाहीत, त्याचेच मला जास्त रडू आले. खिशात बोरांच्या बिया तशाच होत्या.

रात्री आजीने पायाला तेल चोळले. ती म्हणाली, "अगो पोरी, तवा तापल्याबिगर भाकर फुगंल का?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात समजावून सांगितले. हळूहळू पळाले की हृदय जोरात चालते. स्नायूंना जास्त रक्त मिळते, ते गरम होतात आणि चांगले ताणले जातात. याला वॉर्म-अप म्हणतात.

मग बाईंनी शफाली वर्माची गोष्ट सांगितली. २०२५ च्या विश्वचषकासाठी निवडलेल्या संघात तिचे नाव नव्हते. तरी ती हरियाणाकडून खेळत राहिली. प्रतिका रावलला दुखापत झाली, तेव्हा शफालीला बोलावले. २ नोव्हेंबरला आपल्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर अंतिम सामना झाला. त्यात तिने ८७ धावा केल्या, २ बळीही घेतले. भारत जिंकला!

ती तयार होती. मी बोरे खात होते.

आता २६ जानेवारीला आमचा सामना आहे. मी परत राखीवच आहे. पण यावेळी ३ फेऱ्या मारणार. बाईंनी हाक मारली तर तवा तापलेला असेल, आणि नाही मारली तरी असेल.