न पिणारी भिंत

अण्णांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "भिंत पाणी पिते का?"

मी तेव्हा इंडियानातल्या एका अंगणात उभ्या असलेल्या चोवीस फुटी ट्रेलरमध्ये फरशीवर बसले होते. एका हातात फोन, दुसऱ्या हातात मास्किंग टेपची पट्टी, आणि पट्टीला चिकटून आलेला हातभर रंग. दुधावरची साय निघावी तसा सलग आलेला. आदल्या दिवशी दोन हात मारून भिंत पांढरीशुभ्र करून ठेवली होती. आता खिडकीशेजारून तिची जुनी तपकिरी फुलं पुन्हा डोकावत होती.

"नाही पीत, अण्णा. थेंब टाकला की नुसता ओघळतो."

"मग रंग धरणार कशाला?"

अण्णांनी मिरजेत चाळीस वर्षं रंगाची कामं केली. त्यांची सुरुवात चुन्याची. दसऱ्याच्या आधी आमच्या परसात पिंपात कळीचा चुना भिजायचा. तो फसफसायचा, उकळायचा, आणि आम्हां पोरांना त्याच्याजवळ फिरकायची बंदी असायची. निवला की जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचा, त्यात सरस आणि चिमूटभर नीळ घालायची. गाळायचं काम माझं. भिंतीला आधी पाण्याचा हबका मारायचा, मग कुंचला. ओला चुना दिसतच नाही. वाटतं, काम वायाच गेलं. वाळता वाळता भिंत पांढरी होत जाते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो, हे मी शाळेत शिकले. अण्णांच्या भाषेत एवढंच होतं की भिंत चुना पिते.

ही शिदोरी घेऊन मी अशा मुलखात आले जिथे भिंती काही पीत नाहीत. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही राहतो ते एल्कार्टच्या जवळ. अमेरिकेत बनणाऱ्या बहुसंख्य आरव्ही, म्हणजे चाकांवरची घरं, याच भागातून बाहेर पडतात. 2021 मध्ये या धंद्याने सहा लाखांवर गाड्या विकायला पाठवल्या, तो आजवरचा विक्रम. नव्या गाड्या महाग झाल्या, तशी लोकांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे ट्रेलर शोधायला सुरुवात केली. आत सगळं तपकिरी: ओकच्या रंगाची कपाटं, फुलाफुलांच्या भिंती, वर वेलबुट्टीची किनार. प्रत्येकाला ते पांढरं करून हवं असतं. रंगाऱ्याची मुलगी म्हणून मी पहिलं काम बेधडक घेतलं आणि ते असं टेपला चिकटून हातात आलं.

पुढे या भिंतीची कुळकथा कळली. बाहेर फायबरग्लास, मध्ये चौकट आणि फोम, आतून लुआनचं प्लायवुड, जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचं. त्यावर छापील व्हिनाइलचा पापुद्रा. आपण रंग देतो तो या पापुद्र्याला. त्याला छिद्रं नाहीत, ओढ नाही. वर कित्येक वर्षांच्या फोडण्यांचा (इथे बेकनचा) तेलकट थर. म्हणून आधी धुवायचं, दोनदा, आणि साबणाचा अंशही राहू द्यायचा नाही. मग 220 नंबरचा पॉलिश पेपर, तोही मांजराच्या पाठीवरून फिरवावा तितक्या हलक्या हाताने. चमक मारायची, कातडी सोलायची नाही. दुसऱ्या कामात मी चुकून जास्त घासलं, तर पापुद्रा फाटून खालचं लाकूड पिंजलेल्या कापसासारखं उठलं. ट्रेलर 1978 च्या आधीचा असेल आणि पूर्वी कुणी रंगवलेला असेल, तर घासण्याआधी शिशाची तपासणी करते. त्या वर्षी इथे घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली.

घासून आपण काय करतो? न पिणाऱ्या भिंतीला दिसणार नाहीत असे लाखो ओरखडे काढतो. तिला तहान लावता येत नाही. नखं रुतायला जागा मात्र करून देता येते. "पिणार नसेल तर बोचकारून ठेव," असंच अण्णा त्या दिवशी म्हणाले होते. व्हिनाइल त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं.

घासण्याच्याही आधी अंगठ्याने भिंत दाबत फिरायचं असतं, खिडक्यांच्या खाली, कोपऱ्यांत, छताच्या झरोक्याभोवती. जिथे अंगठा आत जातो तिथे पाणी मुरलेलं असतं. छताच्या सांध्यांवरचा डिंकासारखा मसाला उन्हाने तडकतो, आणि गळती आत कळायला वर्ष-दोन वर्षं लागतात. अशा जागी मी रंगाचा डबा उघडतच नाही. गिऱ्हाईक म्हणतं, नुसता एक हात मारा. मी म्हणते, आधी छत.

गळती थांबून वाळलेले डाग उरले, की निघतो लाखेचा प्रायमर. पाण्याच्या प्रायमरमधून पिवळा डाग वर येतो. लाख त्याला अडवते. डब्यावर इंग्रजीत शेलॅक लिहिलेलं असतं, पण ती आपल्याकडच्या पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवरच्या किड्यांनी तयार केलेली राळच. रांचीजवळ नामकुमला 1924 पासून तिच्यावर संशोधन चालतं. मिरजेत आमच्या पोस्टाच्या पार्सलांवर लाखेचा शिक्का असायचा. इथे ती स्पिरिटमध्ये विरघळून येते, म्हणून डबा उघडण्याआधी गॅस बंद, गॅसवरच्या फ्रिजची ज्योत बंद, दारं-खिडक्या सताड उघडी. वीस मिनिटांत वाळते. पण ती ठिसूळ. म्हणून लाख फक्त डागांवर, बाकी भिंतीला पकड घेणारा पाण्याचा प्रायमर.

कारण या भिंतीला पळायचं असतं. मिरजेच्या भिंतीला उभं राहण्यापलीकडे काम नव्हतं. ट्रेलर ताशी साठ मैलांनी धावतो, खड्ड्यात आदळतो, हिवाळ्यात गोठतो, उन्हाळ्यात तापतो. फळ्यांच्या सांध्यांत सवयीने लांबी भरली, तर पहिल्याच प्रवासात तिथे केसासारखी रेघ उमटते. तिथे रबरासारखा ताणला जाणारा मसालाच लागतो. रंगाचं वजनही मोजायचं असतं. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर रंग, वजन पाच किलो. वाळल्यावर त्यातलं निम्मं-अधिक भिंतीवर राहतं. गाडीने किती ओझं न्यायचं याला मर्यादा आहे, म्हणून पातळ दोन हात. तिसरा हात हौसेचा.

आमच्या घरी एकदा उलटं घडलं. भावाने हौसेने स्वयंपाकघराच्या चुन्याच्या भिंतीला ऑइलपेंट लावला. पावसाळा संपायच्या आत पोपडे धरले. अण्णा म्हणाले, "भिंतीचं तोंड बांधलंस." ओल बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. रंग दोन्हीकडे चांगलाच होता, मिरजेतही आणि इंडियानातही. चुकलं ते एवढंच, की भिंतीला तिचा स्वभाव कुणी विचारला नाही.

प्रायमर वाळल्यावर दुसऱ्या दिवशी मी कपाटाच्या आतल्या बाजूला नखाने ओरबाडून पाहते. निघाला तर पुन्हा पहिल्यापासून. वरचा रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण पुरता कडक व्हायला तीन-चार आठवडे घेतो. तोवर कपाटाची दारं लावली तर ती चौकटीला चिकटून बसतात. लोकांना हे थांबणं सोसत नाही. चुन्याच्या भिंतीलाही थांबावं लागायचं, पण तिचं पांढरं होणं डोळ्यांना दिसत तरी होतं. इथे काहीच दिसत नाही.

गेल्या महिन्यात एका निवृत्त जोडप्याचा ट्रेलर द्यायचा होता. त्यांना थंडीआधी ॲरिझोना गाठायचं होतं. किल्ली देण्याआधी मी भिंतीवरून तळहात फिरवला. चुना हाताला लागतो का हे पाहायला अण्णा असाच फिरवायचे. लागला की सरस कमी पडला म्हणायचे, पण थोडा लागायचाच. दिवाळीभर आमच्या पाठी आणि कोपरं पांढरी असायची, आणि आई ओरडायची.

या भिंतीचा हाताला कणही लागला नाही. काम चोख झालं होतं. तरी बाहेर पडताना मी तळहात पँटला पुसला.