निकॉन विकला तेव्हा

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. आठ तास तुटलेलं सूत जोडायचं, भरलेल्या बॉबिन उतरवायच्या, रिकाम्या चढवायच्या. पाळी सुटली तरी कानात मशीन चालूच राहतं. कविता तिथंच सुचतात आणि बऱ्याचशा तिथंच मरतात. लग्नसराई आली की रजा टाकून नाहीतर पाळी बदलून मी फोटो काढायला जातो. म्हसवड, दहिवडी, गोंदवले, खाली आटपाडीपर्यंत. गिरणीच्या पगारात घर चालतं, कॅमेऱ्याच्या पैशात आज्जीची औषधं आणि माझी पुस्तकं. तेव्हा हा माझा शौक नाही. आधीच सांगतो, कारण आपल्यातलेच काही कार्यकर्ते मला "कलावंत आले" म्हणून हसतात.

आजा मुंबईच्या गिरणीत होता. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, गिरण्या बसल्या, आजा माणात परत आला तो कायमचा. त्याचा एकच फोटो घरात आहे. गिरणीच्या पासवरचा. पांढरा सदरा बटणासकट दिसतो. वर चेहऱ्याच्या जागी काळा डाग. डोळे कुठं, नाक कुठं, काही कळत नाही. मी त्याला पाहिलेलं नाही. मला त्याचा सदरा तेवढा माहीत आहे.

माझा पहिला कॅमेरा निकॉन डी-९०. २००८ चं मॉडेल, माझ्याकडं आलं तेव्हा दोन हातांतून फिरून आलेलं. त्याला ५० मिलिमीटरची जुनी लेन्स. ज्या स्टुडिओसाठी मी लग्नं करायचो तिथले बाकी तिघं कॅननवाले. मालक एक दिवस म्हणाला, "तुझ्या फोटूचा रंग आमच्यात बसत नाय. अल्बमात जोड दिसतो. आन निकॉनमधी माणसं काळी येत्यात. कॅनन घे, कातडी चांगली येती."

कातडी चांगली म्हणजे काय, हे मी तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं. उलट मला पटलं. आज्याचा पास डोळ्यापुढं आला आणि वाटलं, कंपनीच चुकीची असंल.

कॅमेरा विकणं सोपं. अडकतात त्या लेन्सा. एका कंपनीच्या लेन्सा दुसरीच्या तोंडाला सरळ बसत नाहीत. निकॉननं आपलं माउंट १९५९ पासून धरून ठेवलं. कॅननवाल्यांनी १९८७ मध्ये जुनं टाकून नवं आणलं, जुन्या लेन्सा घेऊन बसलेले बसले. २०१८ मध्ये दोन्ही कंपन्यांनी बिनआरशाच्या कॅमेऱ्यांसाठी पुन्हा नवी माउंटं काढली. पैसेवाले तिकडं सरकले, त्यांचा जुना माल बाजारात आला, म्हणून कॅननचा ८० डी माझ्या आवाक्यात आला. वरच्यानं टाकलेलं खालच्यानं घालायचं, ही रीत कॅमेऱ्यातही आहे. निकॉन चौदा हजाराला गेला. वरचे पैसे हप्त्यानं.

पहिलंच लग्न आपल्यातलं. मे महिना, दुपार, मांडवाबाहेर रखरख. नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या कपड्यात. त्रिशरण-पंचशील चाललेलं. माझ्या हाताला निकॉनची सवय. त्यात खूण बघायची तर प्लस डावीकडं, मायनस उजवीकडं. कॅननमध्ये उलटं. लेन्सही उलटी फिरवून बसते. गडबडीत मी उजेड वाढवतोय समजून कमी करत गेलो. रात्री कॉम्प्युटरवर बघतो तर साडी दिसती, चेहरा नाही. आज्याचा पासच तो, फक्त रंगीत.

पाळीवर बॉबिन बदलता बदलता आठवडाभर ह्याच विचारात होतो, जे हाताला लागलं ते वाचून काढलं. कंपन्यांच्या रंगाची तऱ्हा थोडी वेगळी असते, ते खोटं नाही. पण चेहरा बुडतो तो उजेडाच्या हिशोबानं. मीटर माणूस ओळखत नाही. समोर जे आहे ते सगळं मिळून मधलं राखाडी आहे, असं ते धरून चालतं. नवीन मीटरं जरा हुशार आहेत, मूळ हिशोब तोच. पांढरं फार दिसलं की उजेड कापतं, साडीतली पोरगी अंधारात जाते. बरं, फक्त काळ्या चेहऱ्यावर मोजायला लावलं तर तो चेहरा राखाडी करून दाखवतं, म्हणजे आहे त्याहून उजळ. दोन्हीकडून आपल्याला मधल्या रंगात ओढतं. आपल्या हातानं कमीजास्त करणं, एवढाच इलाज. तो निकॉनमध्येही होता.

जुन्या काळात तर रंगीत फोटो धुणाऱ्या लॅबमध्ये रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचा नमुना-फोटो असायचा. कोडॅकच्या त्या कार्डाला शर्ली म्हणत. तिचा रंग जमला की फोटो जमला. आणि १९७० मध्ये अमेरिकेत पोलरॉईड कंपनीच्याच दोन काळ्या नोकरदारांनी, कॅरोलिन हंटर आणि केन विल्यम्स यांनी, आपल्या कंपनीविरुद्ध आवाज उठवला. कंपनीचा माल दक्षिण आफ्रिकेत काळ्यांच्या पासावरचे फोटो काढायला वापरला जात होता. १९७७ मध्ये कंपनीला तिथला धंदा बंद करावा लागला. पास हा शब्द वाचला आणि मी पुस्तक मिटून बसलो होतो.

तर अल्बम. माझे अंधारे फोटो मालकाच्या माणसानं कॉम्प्युटरवर उजळले. उजळले म्हणजे चुना फासला. मी अल्बम द्यायला गेलो. नवरीची आई पानं उलटत होती. एका पानावर थांबली. "ही कोन रं?" नवरी तिच्या शेजारीच बसलेली. बायका हसल्या, "मावशी, तुमचीच पोर हाय की!" ती हसली नाही. परत बघितलं. म्हणाली, "आसंल. पर हिच्या कपाळावर वण हाय, त्यो कुटं गेला?"

वण पुसणारा तो, पण त्याला अंधार मी दिलेला. हे मालकाच्या माथी मारून मोकळं होता येत नाही.

मूळ फायली माझ्याकडं होत्या. रॉ होत्या म्हणून बचावलो, त्यातून चेहरे बऱ्यापैकी वर येत होते. रात्रपाळी करून सकाळी बसायचो. बारा फोटो माझ्या पैशानं छापले आणि नेऊन दिले. त्या माऊलीनं एकच उचलला, पदरानं पुसला, वणावर बोट ठेवलं. "हां. ही आमची."

मालकाला कळलं. "गिऱ्हाईक गोरंच मागतं, तू काय शाळा चालवतो का?" म्हणाला. मागणारे आहेत, ते खरं. आपल्यातले पण आहेत, भीमजयंतीच्या बॅनरवर स्वतःला गोरं करून घेणारे पुढारी तुम्हीही बघितलेत. यंदा मालकानं मला दोनच लग्नं दिली. हप्ते पाच राहिलेत.

५० ची लेन्स मी विकली नव्हती. एक कडी मिळते, ती लावली की निकॉनची लेन्स कॅननवर बसते. आपोआप फोकस होत नाही, हातानं करावा लागतो. परवा तिनं आज्जीचा फोटो काढला, दारात, उन्हं कलल्यावर. आज्जीनं बराच वेळ बघितला. मग विचारलं, "पासातला तुज्या आज्याचा आसा वर काडता यील का रं?"

नाही येत. त्या कागदात उजेड गेलेलाच नाही. तिला मी म्हणालो, बघतो.