रजा साहेबांची, खाडा मजुराचा

वर्ष संपत आले की पुढच्या वर्षाच्या सरकारी सुट्ट्यांची यादी सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन पडते. आमच्या पोंभुर्ण्यातही येते. शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतले बाबू ती बारकाईने वाचतात. कोणता सण रविवारी येऊन बुडाला, कुठे शनिवार-रविवारला सोमवार जोडून आला, याचा हिशेब करतात. आमचे कार्यकर्तेही ती यादी वाचतात, पण वेगळ्या नजरेने. आमच्या महापुरुषांच्या नावाने किती दिवस आहेत, कोणाचा दिवस अजून नाही, निवेदन कधी द्यायचे, हे आम्ही बघतो. ही मागणी योग्यच आहे. राष्ट्राच्या दिनदर्शिकेत कोणाचे स्मरण व्हावे, हा प्रतिनिधित्वाचा प्रश्न आहे. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न आपल्या चळवळीत फारसा विचारला जात नाही. ही सुट्टी मिळते कोणाला?

ही यादी निघते ती परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ या कायद्याच्या कलम २५ खाली. हा कायदा हुंडी, वचनचिठ्ठी आणि धनादेश यांचा आहे. म्हणजे बँक कोणत्या दिवशी बंद राहील, कोणत्या दिवशी धनादेश वटणार नाही, हे ठरविण्यासाठी केलेली ही व्यवस्था आहे. ज्याच्याजवळ वटवायला धनादेशच नाही, त्याचा या यादीशी संबंध काय? धानाच्या रोवणीला जाणाऱ्या बाईला ही यादी लागू नाही. वीटभट्टीवरच्या जोडप्याला नाही. ठेकेदाराच्या हाताखाली कोळशाची धूळ खाणाऱ्या पोरालाही ती प्रत्यक्षात लागू होताना आम्ही पाहिलेली नाही.

आपल्या भाषेतच हा भेद आहे. साहेब कामावर गेला नाही तर ती 'रजा' असते. मजूर गेला नाही तर तो 'खाडा' असतो. रजा मंजूर होते, खाडा कापला जातो. दिवस तोच, विश्रांतीही तीच, पण एकाला पगार आणि दुसऱ्याला दंड!

आमचे आजोबा सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचे आणि मोबदला धानाच्या रूपात मिळायचा. जितके खाडे झाले तितके धान कमी. ताप आला तरी खाडा, घरात मयत झाली तरी खाडा. पोळ्याच्या दिवशी मालकाच्या बैलांना मात्र सुट्टी असायची. आदल्या दिवशी त्यांचे खांदे शेकायचे, सकाळी आंघोळ, शिंगांना रंग, अंगावर झूल, पुरणपोळीचा घास. हे सगळे करायचे कोणी? सालगड्याने. बैलाच्या विश्रांतीचा दिवस हा त्याच्या कामाचा दिवस होता. बैलाला सुट्टी देऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. बैलाचा खांदा दुखतो हे ज्या संस्कृतीला कळले, तिला माणसाचा खांदा का दिसला नाही, एवढेच आम्ही विचारतो.

उत्तर जातीत आहे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांनी हेच दाखवून दिले होते. महार वतनदार सरकारचा चोवीस तासांचा बांधील. तो स्वतः हजर नसेल तर त्याच्या बापाला, घरातल्या दुसऱ्या कोणालाही कामावर ओढता येई. आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता. इथे मालगुजारी होती, कामांची नावे वेगळी होती, पण बेगार तीच होती. ज्याच्या वेळेवर त्याची स्वतःची मालकी नाही, तो गुलाम. म्हणून सुट्टीचा प्रश्न हा चैनीचा प्रश्न नाही, तो मालकीचा प्रश्न आहे.

हा प्रश्न या देशात पहिल्यांदा लढवला तो आपल्याच परंपरेने. जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. रविवार इंग्रजांनी दिला असे आपल्या मुलांना वाटते. तो इंग्रजांनी दिलेला नाही, कामगारांनी घेतलेला आहे. पुढे बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४५ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामगारांना वर्षाला १० दिवसांची भरपगारी रजा मिळाली. १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. लोखंडेंनी कामगाराला दिवस मिळवून दिला, बाबासाहेबांनी त्याला दिवसाबरोबर पगारही मिळवून दिला. संविधानाच्या अनुच्छेद ४३ मध्ये तर कामगाराला निर्वाह वेतनासोबत फुरसतही मिळावी, अशी जबाबदारी राज्यावर टाकलेली आहे आणि त्यात शेतमजुराचाही उल्लेख आहे.

काही लोक इथे एक युक्तिवाद करतात. बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे आणि तुम्ही त्यांच्या नावाने सुट्टी मागता? आम्ही त्यांना सांगतो, जो माणूस स्वतः अठरा तास राबला, त्याने दुसऱ्याचे तास आठवर आणले. फुरसत नसेल तर माणूस पशूसारखा केवळ पोटासाठी जगतो, संस्कृती फुरसतीतून घडते आणि म्हणून यंत्र हवे, असे त्यांनी गांधीवादाची चिकित्सा करताना स्पष्ट मांडले आहे.

आता थोडे बाहेर पाहू. सुट्ट्यांचा देश म्हणून स्पेनचे नाव घेतले जाते. गुरुवारी सण आला की शुक्रवारी रजा टाकून तो थेट रविवारला जोडायचा, याला तिथे 'पुएन्ते' म्हणतात, म्हणजे पूल. यावरून त्या देशाला आळशी म्हणून हिणवलेही जाते. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. रेशनचे धान्य फुकट मिळते म्हणून मजूर आळशी झाले, ही तक्रार आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक पानठेल्यावर ऐकायला मिळते. राबणाऱ्याने श्वास घेतला की तो आळशी, हा न्याय जगभर सारखाच आहे.

पण स्पेनचा कायदा नीट बघा. वर्षाला १४ पर्यंत सार्वजनिक सुट्ट्या, त्यातल्या दोन त्या-त्या गावाच्या आणि सगळ्या भरपगारी. त्याशिवाय वर्षाला किमान ३० दिवसांची रजा. ती रजा पैसे देऊन विकत घेण्याची मालकाला परवानगी नाही. माणसाने विश्रांती घेतलीच पाहिजे, असा त्याचा अर्थ. हे सुखासुखी मिळाले नाही. १९१९ साली बार्सिलोनात 'ला कनादिएन्से' या वीज कंपनीच्या कामगारांपासून सुरू झालेला संप ४४ दिवस चालला, तेव्हा सरकारला आठ तासांच्या दिवसाचा हुकूम काढावा लागला. आणि एक गोष्ट आपण अभिमानाने लक्षात ठेवावी. स्पेनमध्ये रविवारच्या विश्रांतीचा कायदा १९०४ साली झाला. आपले लोखंडे त्याच्या चौदा वर्षे पुढे होते.

६ डिसेंबरला स्पेनमध्ये राष्ट्रीय सुट्टी असते. १९७८ साली त्या दिवशी तिथल्या जनतेने मतदानाने आपले संविधान मंजूर केले, त्याचा तो दिवस. आपण ज्या दिवशी संविधानाच्या शिल्पकाराला अभिवादन करतो, त्याच दिवशी त्या देशातला कामगार संविधानाच्या नावाने भरपगारी घरी असतो.

स्पेन स्वर्ग आहे असे आम्ही म्हणत नाही. तिथल्या बऱ्याच सुट्ट्या कॅथलिक सणांच्या आहेत. वेल्वा भागातल्या स्ट्रॉबेरीच्या शेतांत मोरोक्कोहून आणलेल्या बायांच्या शोषणाच्या तक्रारी झालेल्या आहेत. तरीही एक तरतूद आपण उचलावी अशी आहे. तिथे हंगामी मजुराची किमान रोजी ठरवताना रविवार आणि सणांच्या सुट्टीचा हिस्सा त्या रोजीतच धरलेला असतो. चार दिवसांसाठी आलेल्या मजुराच्याही रोजीत विश्रांतीचा पैसा असतो.

आता आपल्या जंगलात परत येऊ. १ मे, महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. तहसीलवर झेंडा लागतो, कार्यालय बंद होते. त्या दिवसांत आमच्या भागात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. आमच्या वस्तीतल्या बाया पहाटे अंधारात जंगलात जातात, दुपारी घरातले म्हातारे-पोरे मिळून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात, संध्याकाळी ते संकलन केंद्रावर मोजून देतात. कामगार दिनाला सुट्टी त्याला, ज्याच्या मोजणीवर कामगाराची मजुरी ठरते. कामगाराला नाही.

१० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा-माल परिसरात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. तो शनिवार होता. राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केलेला असल्याने शासकीय कार्यालयांना सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी रविवार. त्याच्या दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, बुद्ध पौर्णिमेची सुट्टी. सलग तीन दिवस, अगदी पुएन्ते! बुद्धाच्या नावाचा दिवस यादीत होता, तो आपण मिळवलेला आहे. पण त्या जंगलातल्या बायांपर्यंत तो पोचला नाही. वाघ आहे हे त्यांना माहीत नव्हते काय? माहीत होते. पण घरी बसले की खाडा.

१४ एप्रिलचेही तेच. उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्याकडची कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. आमच्या शेजारच्या एका जोडप्याने जयंतीला गावी जायचे म्हटले, तर तिथल्या शेतमालकाने हिशेब रोखून धरला. तोडणी संपल्यावरच पैसे. त्या दोघांनी बाबासाहेबांचा फोटो मोबाइलवर लावून मिरचीच्या वावरात मेणबत्ती पेटवली आणि पुन्हा तोडायला लागले. त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुट्टी होती.

१६ ऑक्टोबर १९५६ आठवा. नागपूरनंतर दोन दिवसांनी चांद्यात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. तो मंगळवार होता. गावागावांतून आलेला माणूस रोजीवर जगणारा होता. मंगळवारी तो चांद्याला आला, म्हणजे त्याने रोजी बुडवली आणि आला. आपल्या समाजाने प्रत्येक मोठा दिवस असा खाडे करून उभा केला आहे. पण सत्तर वर्षांनंतरही त्याने पोट कापूनच दीक्षाभूमीवर यावे काय?

कायदे काय म्हणतात? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आणखी चार. पण मूळ कायद्यात ते दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी होते. पोंभुर्ण्याच्या बाजारात दहा नोकर असलेली दुकाने किती, हे बोटावर मोजून पाहा. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्यास आणि कारखान्यातले दिवसाचे नऊ तास बारापर्यंत वाढविण्यास मंजुरी दिली. बाबासाहेबांनी जे घड्याळ मागे आणले, ते हे लोक पुढे ढकलत आहेत आणि आपण नवीन सुट्टीच्या निवेदनावर सह्या गोळा करतो आहोत. शेतमजुरासाठी तर १९४८ च्या किमान वेतन कायद्यातच आठवड्याला एक विश्रांतीचा दिवस आणि त्याचा मोबदला ठरविण्याचा अधिकार सरकारला दिलेला होता. नव्या वेतन संहितेतही ती तरतूद आहे. ती अमलात आणा म्हणून मोर्चा कोणी काढायचा?

पान थांबत नाही, हंगाम थांबत नाही, असे आम्हाला सांगितले जाते. बरोबर आहे. मग सुट्टीचा पैसा रोजीत धरा. तेंदूपत्त्याचा दर ठरताना, रोवणीची मजुरी ठरताना विश्रांतीचा हिस्सा वेगळा मांडा. आमच्या शेजारच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळवून बांबूचा कारभार स्वतःच्या हातात घेतला. जिथे ग्रामसभा स्वतः विक्री करते, तिथे करारात ही अट घालायला मुंबईच्या परवानगीची वाट पाहायची गरज नाही.

म्हणून आमचे बांधवांना सांगणे आहे. यापुढे महापुरुषाच्या नावाने सुट्टीचे निवेदन लिहाल, तेव्हा त्यात एक ओळ जास्तीची लिहा. ही सुट्टी रोजंदारी मजुरालाही त्याच्या रोजीसह मिळावी. ती ओळ नसेल तर आपण साहेबांच्याच रजेत भर घालतो आहोत. तेंदूच्या जंगलात बाई १ मे रोजी घरी बसेल आणि संध्याकाळी तिच्या घरची चूल नेहमीसारखी पेटेल, त्या दिवशी लोखंडेंचा रविवार आमच्या पोंभुर्ण्यात पोचला असे आम्ही मानू.

जय भीम! जय संविधान!