शेजारचा सण

मुलांनो, एक गंमत करा. आपल्या घरी वर्षभरात किती सण होतात ते बोटांवर मोजा. दोन्ही हातांची बोटं बहुतेक पुरणार नाहीत! आता दुसरा प्रश्न. तुमच्या गल्लीत, तुमच्या वर्गात साजरे होतात पण तुमच्या घरी होत नाहीत, असे सण किती? रमजान ईद, नाताळ, बुद्धपौर्णिमा, पर्युषण, गुरुनानक जयंती... नावं भराभर सुचतात. पण त्या दिवशी त्या घरात नेमकं काय चालतं, असं विचारलं की आपण डोकं खाजवायला लागतो. हो ना?

मी सांगली जिल्ह्यातल्या एका छोट्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात विचारते. उत्तर बहुतेक वेळा खाण्याचंच येतं. "ईदला शिरखुर्मा, बाई! नाताळला केक!" खाण्यात वाईट काही नाही हं. शिरखुर्मा मलाही फार आवडतो. पण दुसऱ्याच्या सणात सामील होणं म्हणजे एवढंच का? आज आपण त्याबद्दल थोडं बोलूया.

माझी आजी माळकरी होती. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला उपवास. मटण शिजलेल्या भांड्यातलं तिला चालायचं नाही. आमच्या भिंतीला भिंत लागून एक मुसलमान कुटुंब राहायचं. तिथल्या बाईंना आम्ही चाची म्हणत असू. रमजान ईदच्या सकाळी चाची आमच्याकडे परात घेऊन यायच्या. वर स्वच्छ रुमाल झाकलेला. आत काय असायचं? कोरडा शिधा! शेवया, साखर, सुकं खोबरं, खारका, थोडी चारोळी, चार बदाम. आजी तो शिधा आपल्या चुलीवर, आपल्या पातेल्यात शिजवायची आणि आवडीनं खायची. आम्ही पोरं मात्र चाचींच्या घरी जाऊन वाट्यावर वाट्या रिकाम्या करायचो. आजीनं आम्हाला कधी अडवलं नाही.

दिवाळीत याच्या उलट व्हायचं. देवापुढचा नैवेद्य चाची खात नसत. त्यांच्या धर्मात ते बसत नाही, असं त्यांनी एकदा सरळ सांगितलं होतं. म्हणून आजी करंज्या तळून झाल्या की नैवेद्याचं ताट वाढण्याआधी एक डबा बाजूला भरून ठेवायची. "हा चाचीचा. ह्याला हात लावू नका रे," अशी ताकीद असायची. तो डबा घेऊन जायचं काम माझ्याकडे असे.

लहानपणी मला यात विशेष काही वाटलं नाही. आज वाटतं, त्या दोघी जणी किती शहाण्या होत्या! दोघींनी आपापला नियम मोडला नाही. पण समोरचीचा नियम काय आहे, हे दोघींना पाठ होतं. तो लक्षात ठेवूनच त्या परात भरत, डबा भरत.

या देवाणघेवाणीची एकदा परीक्षाही झाली. २००९ च्या सप्टेंबरात, ऐन गणेशोत्सवात मिरजेत दंगल झाली. आसपासच्या गावांतही तिची झळ पोचली. संचारबंदी लागली, गणपतींचं विसर्जन खोळंबलं. आमच्या गावात दंगल झाली नाही, पण माणसं पारावर बसेनाशी झाली, बोलताना आवाज खाली आणू लागली. त्याच महिन्याच्या २१ तारखेला रमजान ईद होती. सकाळपासून आजी उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. तांदूळ निवडून झाले, तरी ती उठेना. ती कशाची वाट बघत होती, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोललं नाही. जरा उशिरानं दाराची कडी वाजली. चाची आल्या, परात घेऊन, नेहमीचा रुमाल झाकून. आजी एवढंच म्हणाली, "दूध आणून ठेवलंय मी मघाशीच." मग दोघी खूप वेळ चुलीपाशी बसल्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, हे झालं दोन घरांचं. सगळ्या गावाला असं जमतं का? जमतं बरं का! आमच्या सांगली-कोल्हापूर भागातच बघा ना. वाळवा तालुक्यात गोटखिंडी नावाचं गाव आहे. तिथं गणपती मशिदीत बसतो! गावकरी सांगतात, १९६१ साली गणेशोत्सवात जोराचा पाऊस आला, तेव्हा मुसलमान शेजाऱ्यांनीच मूर्ती मशिदीत आणायला सांगितलं. पुढे १९८० पासून तो रिवाजच पडला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला तर पाच मशिदींत गणपती बसतात. कडेगावचे उंचच उंच ताबूत तुम्ही ऐकून असाल. ते बांधायला आणि उचलायला हिंदू आणि मुसलमान दोघांचे हात लागतात. आणि मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या उरुसात मोठमोठे गवई हजेरी लावतात. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर तिथंच आहे. १९३७ साली ते वारले. त्यांच्या आठवणीत गाणारे कलाकार सगळ्या धर्मांचे असतात. ज्या मिरजेत दंगल झाली त्याच मिरजेत हेही आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आपण कोणती वाढवायची, हे आपल्यावर आहे.

मोहरम आणि गणपती कधी कधी बरोबर येतात, त्यामागं एक मजेदार गणित आहे. मुसलमानी वर्ष चंद्रावर चालतं आणि साधारण ३५४ दिवसांचं असतं. म्हणून त्यांचे सण दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतात. आपल्या पंचांगातले महिनेही चंद्राचेच, पण त्यात मधूनमधून अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ घालतात. त्यामुळे दोन्ही पंचांगं लांब जातात आणि साधारण ३३ वर्षांनी पुन्हा भेटतात. भेटतात तेव्हा भाद्रपद आणि मोहरम हे दोन्ही महिने एकाच अमावस्येनंतर सुरू होतात. चतुर्थीला गणपती येतात आणि मोहरमचा दहावा दिवस गणपती घरात असतानाच येतो. १९८५ ते १९८७ असं झालं होतं. मग २०१८, २०१९ आणि २०२० साली झालं. कुरुंदवाडला तेव्हा पीर आणि गणपती एकाच मशिदीत होते. पुढची भेट २०५० च्या आसपास. तुम्ही तेव्हा माझ्यापेक्षा मोठे असाल. बघा आठवण ठेवून!

इथं एक महत्त्वाची गोष्ट. गणपती आनंदाचा सण आहे, मोहरम तसा नाही. इ.स. ६८० मध्ये इराकमधल्या करबलाच्या रणात पैगंबरांचे नातू इमाम हुसेन आणि त्यांचे सोबती तहानेनं व्याकूळ होऊन लढता लढता मारले गेले. त्यांचं स्मरण म्हणजे मोहरम. ताबुताच्या वाटेवर सरबत आणि पाणी वाटतात, ते त्या तहानेची आठवण म्हणून. मग त्या दिवशी मित्राला "मोहरमच्या शुभेच्छा!" म्हणणं बरं दिसेल का? गुड फ्रायडेचंही तसंच. तो येशूला क्रुसावर चढवल्याचा दिवस. सामील होण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा, "आज काय असतं तुमच्याकडे?" विचारण्यात कमीपणा काही नाही.

आता माझ्या वर्गातली गोष्ट सांगते. गणेशोत्सवाचे दिवस होते. एके दिवशी मधल्या सुट्टीत चार-पाच मुलं तक्रार घेऊन आली. "बाई, ती आमच्या गल्लीच्या गणपतीला येते. पण आरतीच्या वेळी टाळ्या वाजवत नाही. प्रसादपण घेत नाही!" ती म्हणजे वर्गातली एक मुसलमान मुलगी, मोठी हुशार आणि बोलकी. मुलांनी तिच्याशी कट्टी केली होती. खिचडीच्या पंगतीत ती दोन दिवस एकटी कडेला बसत होती.

मी तिला जवळ बोलावलं. ती म्हणाली, "बाई, मी रोज दूर्वा निवडून देते. एकवीस-एकवीसच्या जुड्या मीच बांधते. पण आरती मला म्हणायची नसते. ती आमच्याकडे चालत नाही." एवढं बोलून ती जमिनीकडे बघत उभी राहिली.

तक्रार करणाऱ्यांत एक माळकरी घरातला मुलगा होता. मी त्याला विचारलं, "बकरी ईदला तू हिच्या घरी जातोस ना रे?"

"जातो की, बाई. दरवर्षी."

"मग काय खातोस?"

"शेवया. मटण नाही खात. आम्ही माळकरी."

"मग हिची आई रागावते? म्हणते का, खायचं नाही तर आलास कशाला?"

तो जरा थांबला. म्हणाला, "नाही. त्या माझ्यासाठी शेवया आधीच बाजूला काढून ठेवतात."

मी पुढे काही बोलले नाही. बोलायची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवशी खिचडीच्या वेळी त्यानं आपली थाळी उचलली आणि तो तिच्या शेजारी जाऊन बसला. मग बाकीचेही सरकले. संध्याकाळी गल्लीत जुड्या बांधायला ती होतीच.

मुलांनो, त्या मुलीनं गणपतीत भाग घेतला की नाही? मला विचाराल तर पुरेपूर घेतला. दूर्वा निवडणं हे काही कमी काम नाही, करून बघा! पण जे तिच्या श्रद्धेत बसत नाही ते तिनं केलं नाही. ते न करण्याचा तिला हक्क आहे. आपल्या राज्यघटनेच्या कलम २५ नं प्रत्येकाला आपला धर्म मानायचं, पाळायचं स्वातंत्र्य दिलंय. कलम २८ सांगतं, की सरकारमान्य शाळेत मुलाला त्याच्या पालकांच्या संमतीवाचून धार्मिक पूजेला बसवता येत नाही. आणि १९७६ च्या घटनादुरुस्तीनं आलेलं कलम ५१ क आपल्याला कर्तव्य सांगतं, की धर्म, भाषा, प्रांत यांचे भेद ओलांडून बंधुभाव वाढवावा. हक्क आणि कर्तव्य, दोन्ही एकाच पुस्तकात आहेत. आजीला आणि चाचींना कलमांचे आकडे ठाऊक नव्हते. पण दोघींची वागणूक अशीच होती.

पालकहो, दोन शब्द तुमच्याशी. तुमच्यापैकी काही जण शाळेच्या फाटकाशी थांबून हळूच विचारतात, "बाई, पोरगं सगळीकडे जायला लागलं, तर आपलं विसरणार नाही ना?" ही काळजी मी हसण्यावारी नेत नाही. माझा अनुभव मात्र असा आहे, की दुसऱ्या घरी गेलेलं मूल आपल्या घराबद्दल जास्त प्रश्न घेऊन परत येतं. "आपण दिवे का लावतो? आपल्याकडे रोजा का नसतो?" त्या प्रश्नांना उत्तर द्यायची तयारी आपली हवी. एखादी गोष्ट तुमच्या घरात बसत नसेल, तर मुलाला जरूर सांगा, "आपल्याकडे हे करत नाहीत." पण त्याला "ती माणसंच तसली" हे शेपूट जोडू नका. पहिल्या वाक्यानं मूल आपला नियम शिकतं. दुसऱ्यानं ते शेजाऱ्याला तोडायला शिकतं.

आणि सामील होणं म्हणजे दर वेळी तिथं जाऊन बसणंच असं नाही. कधी कधी थोडं बाजूला सरकणं हेही सामील होणंच असतं. २९ जून २०२३ ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. कुर्बानी तीन दिवसांत कधीही करता येते. म्हणून महाराष्ट्रात अनेक गावांतल्या मुसलमानांनी एकादशीच्या दिवशी ती केली नाही. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद बरोबर आल्या. तेव्हा मुंबईत आणि इतरही ठिकाणी ईदची मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढली गेली. सरकारनंही २९ तारखेला सुट्टी दिली. इकडे अजानच्या वेळी ढोल थांबवणारी गणपती मंडळंही गावोगावी आहेत. अशी जागा ठेवली की दोन्ही मिरवणुका रस्त्यानं नीट जातात.

तर आता तुमचं काम. खिळ्यावरचं कॅलेंडर खाली काढा. पुढच्या दोन महिन्यांत आपल्या घरी न होणारा एखादा सण शोधा. तो ज्यांच्या घरी होतो, त्यांच्याकडे जा आणि विचारा, "त्या दिवशी तुमच्याकडे काय असतं? मी काय मदत करू?" आणि परत निघण्याआधी आणखी एक विचारून या. आपल्या सणाला त्यांना काय चालतं, काय नाही? मग घरी आल्यावर आईला सांगून ठेवा, करंज्या तळायला घेण्याआधी!