दोन्ही बाजूंचा साक्षीदार

बीड–परळी रस्त्यावरील वडवणीत मोटार चालविताना समोरच्यापेक्षा बाजूचेच अधिक सांभाळावे लागते. दसऱ्यानंतर ऊसतोडीचा हंगाम लागला की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या येतात आणि बाहेर आलेली उसाची टोके शेजारच्या गाडीच्या आरशाला घासून जातात. गर्दीत दुचाकी कोणत्या अंगाने शिरेल, याचा नेम नसतो. पुढच्या काचेमागील डॅश कॅमेरा मात्र समोरचेच पाहतो. दाराजवळ काय घडले, ते त्यात उमटत नाही.

म्हणून येथील एका कापड व्यापाऱ्याच्या मुलाने गाडीला दोन्ही बाजूंचे कॅमेरे बसविले. त्याने घेतलेली काळजी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. काचेलगतच्या खांबातून तार नेताना ती एअरबॅगच्या आड येऊ दिली नाही. आली असती, तर ऐन अपघातात एअरबॅग उघडण्यास अडथळा झाला असता. बॅटरी ठरावीक मर्यादेखाली उतरताच कॅमेरा बंद व्हावा, अशी जोडणी केली. मराठवाड्याचा उन्हाळा ४० अंशांपलीकडे जातो, हे जाणून लिथियम बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला कॅमेरा निवडला. रात्री आतील दिव्याचे प्रतिबिंब चित्रात येऊ नये, म्हणून भिंग काचेला अगदी लगटून ठेवले.

असे कॅमेरे कार्ड भरले की जुने चित्रण पुसून नवे नोंदवितात. मोठा धक्का बसल्यास तेवढा भाग आपोआप राखला जातो. हलका स्पर्श मात्र यंत्राला जाणवेलच, असे नाही.

याच उणिवेने त्या घराची परीक्षा पाहिली. पेठेत गाडी थांबवून मुलाने मागे न पाहता दार उघडले आणि दुधाचे कॅन घेऊन चाललेला सायकलस्वार पडला. त्याच्या मनगटाचे हाड मोडले. जमलेल्या ओळखीच्या मंडळींनी दोष त्यालाच दिला. तोही बिचारा, तोल आपलाच गेला असावा, असे मानून निघून गेला. रात्री चित्रण पाहिल्यावर खरे काय ते कळले.

“बाबूजी, हे कुणी मागितलेलं नाही. दोन दिवसांत आपोआप पुसलं जाईल,” मुलगा म्हणाला.

“जमेची बाजू लिहिली आणि नावेची कोरी ठेवली, तर त्याला रोजमेळ म्हणतात का?” वडिलांनी विचारले.

दुसऱ्या दिवशी दोघे दूधवाल्याच्या घरी गेले. त्याला चित्रण दाखविले आणि उपचाराचा व बुडालेल्या रोजगाराचा खर्च उचलला. पोलीस ठाण्यात व विमा कंपनीकडेही घडले तसेच सांगितले.

चित्रणाच्या पुराव्याबाबत कायदाही काटेकोर आहे. जालना मतदारसंघातील २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर व कैलास गोरंट्याल यांच्यात चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला. मालकाने स्वतः साक्षीस उभे राहून मूळ साधन हजर केल्यास प्रमाणपत्र लागत नाही. प्रत सादर करावयाची असेल, तर ते अनिवार्य आहे, असे त्यात स्पष्ट झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार या प्रमाणपत्राचे दोन भाग असून दुसरा भाग तज्ज्ञाने भरावयाचा असतो. सबब मूळ कार्ड जपून ठेवणेच शहाणपणाचे.

त्या घरात आता दोन नियम आहेत. काही घडले तर दोष कोणाचा, हे न पाहता कार्ड त्याच दिवशी काढून तिजोरीत ठेवायचे. आणि रात्री गल्लीत गाडी उभी केली की बाजूचे कॅमेरे बंद करायचे. कारण तेथे त्यांचे तोंड शेजाऱ्यांच्या ओट्याकडे असते.